ऑनलाइन लिलावातून पहिलं चित्र घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी ऑनलाइन लिलावांतून चित्रं घेते आहे. फार मोठ्या रकमांची नाहीत, पण रोज येता-जाता बघावीशी वाटतील अशी. ज्यांना हे सुरू करायचं असतं त्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात, म्हणून ते एका जागी घेतले आहेत. एक गोष्ट मात्र आधीच सांगते. लिलावाच्या पानावर चित्राचा फोटो असतो आणि फोटोखाली बारीक अक्षरांतला मजकूर. नवखा माणूस फोटोत गुंततो आणि मजकूर राहून जातो. खालच्या निम्म्या प्रश्नांचं मूळ तिथे आहे.

मला कलेतलं फारसं कळत नाही. तरी लिलावात उतरावं का?

जरूर उतरा, पण पहिले दोन-तीन महिने बोली लावू नका, नुसतं बघा. एकच प्रकार धरा: एचिंग (धातूच्या कोरलेल्या पत्र्यावरून छापलेलं चित्र) म्हणा, जलरंगातली निसर्गचित्रं म्हणा किंवा एखाद्या आवडत्या चित्रकाराची रेखाटनं. वहीत प्रत्येक लॉटची, म्हणजे लिलावातल्या प्रत्येक वस्तूची, एक ओळ लिहा. माप, माध्यम, सही आहे की नाही, लिलावगृहाचा अंदाज किती होता, हातोडा कितीवर पडला, म्हणजे शेवटी कितीला गेलं. बहुतेक लिलावगृहं जुन्या लिलावांचे निकाल आपल्या साइटवर ठेवतात. पंचवीस-तीस नोंदी झाल्या की एकाच हाताची, जवळपास एकाच मापाची दोन चित्रं समोर येतात. एक अंदाजाच्या दुपटीने गेलेलं असतं, दुसरं पडून राहिलेलं असतं. असं का झालं ते शोधत बसा. डोळा असाच तयार होतो.

लाइव्ह लिलाव आणि टाइम्ड लिलाव यांत फरक काय?

लाइव्ह लिलावात सभागृहात ऑक्शनियर, म्हणजे लिलाव पुकारणारा, उभा असतो. समोर बसलेले, फोनवरचे आणि स्क्रीनवरचे असे सगळे बोली लावतात, आणि एकेक लॉट जेमतेम मिनिटभरात संपतो. टाइम्ड लिलाव काही दिवस उघडा असतो आणि ठरलेल्या वेळी बंद होतो. मात्र बऱ्याच ठिकाणी शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढते. त्यामुळे अगदी शेवटच्या सेकंदाला बोली टाकून जिंकायची युक्ती तिथे चालत नाही. नवख्याने टाइम्ड लिलावापासून सुरुवात करावी असं मला वाटतं, कारण तिथे विचार करायला उसंत मिळते.

माझी कमाल बोली आधीच टाकून ठेवली तर यंत्रणा मला तेवढ्यालाच चित्र विकणार नाही का?

नाही, निदान तसं अपेक्षित नसतं. समजा तुम्ही कमाल ८,००० टाकलेत आणि दुसऱ्याची कमाल ५,००० आहे. बोलीची पायरी ५०० ची असेल, तर चित्र तुम्हाला ५,५०० ला मिळेल. यंत्रणा तुमच्या वतीने गरजेपुरतंच वर चढते. विल्यम व्हिक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये दाखवलं होतं की जिथे विजेता दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकी किंमत देतो, तिथे आपल्याला वस्तू जितक्या मोलाची वाटते तितकीच बोली लावणं सगळ्यात फायद्याचं. १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. कमाल बोलीची पद्धत बरीचशी याच तत्त्वावर चालते. म्हणून आकडा खरा टाका, उगाच कमी नको.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. दोघांची कमाल सारखी असेल तर आधी टाकणाऱ्याला चित्र मिळतं. आणि राखीव किंमत (जिच्याखाली विक्रेता चित्र देत नाही ती) गाठेपर्यंत विक्रेत्याच्या वतीने बोली चढवायचा हक्क बरीच लिलावगृहं नियमांत स्वतःकडे ठेवतात. म्हणजे समोर दुसरा ग्राहक नसतानाही आकडा चढताना दिसू शकतो. हे नियमांना धरून असतं, पण आधी वाचलेलं असलं की बुचकळ्यात पडायला होत नाही.

अंदाजित किंमत, राखीव किंमत, हातोडा किंमत म्हणजे काय?

अंदाजित किंमत म्हणजे लिलावगृहाला चित्र कितीपर्यंत जाईल असं वाटतं ती श्रेणी, उदाहरणार्थ ६,००० ते ९,०००. राखीव किंमत म्हणजे जिच्याखाली विक्रेता चित्र द्यायला तयार नाही ती. ती गुप्त असते, पण सहसा अंदाजाच्या खालच्या टोकापेक्षा जास्त नसते. ऑक्शनियर हातोडा ठोकतो तो शेवटचा आकडा म्हणजे हातोडा किंमत. खालचा अंदाज मुद्दाम कमी ठेवून गर्दी खेचायची पद्धतही आहे. तेव्हा अंदाज हे मूल्यांकन समजू नका. स्वतःच्या वहीतल्या नोंदींवर जास्त भरवसा ठेवा.

शेवटी नक्की किती पैसे भरावे लागतात?

सगळ्यात जास्त मनस्ताप या प्रश्नापायी होतो, म्हणून आकडे मांडूनच दाखवते.

हातोडा किंमतीवर लिलावगृह खरेदीदाराकडून वेगळा प्रीमियम घेतं. क्रिस्टीज आणि सदबीज या दोन्ही जुन्या लिलावगृहांनी लंडनमध्ये १९७५ साली तो सुरू केला तेव्हा तो १०% होता. आता २० ते ३०% ही सर्रास आढळणारी पातळी आहे. अनेक छोटी लिलावगृहं स्वतःची यंत्रणा न चालवता तिसऱ्याच प्लॅटफॉर्मवर लॉट चढवतात. तिथून बोली लावली की आणखी ३ ते ५% लागू शकतात. या शुल्कांवर कर येतो, काही ठिकाणी हातोडा किंमतीवरही येतो. मग पॅकिंग, वाहतूक, विमा. चित्र परदेशातून येत असेल तर आयात शुल्क.

समजा हातोडा १०,००० वर पडला. प्रीमियम २५%, म्हणजे २,५००. प्लॅटफॉर्मचे ५%, म्हणजे ५००. या ३,००० वर २०% कर धरला तर ६००. झाले १३,६००. पॅकिंग आणि वाहतुकीचे १,४०० धरा, म्हणजे १५,०००. हातोडा पडला त्याच्या दीडपट! हा हिशेब उलटा करायची सवय लावून घ्या. खिशात एकूण १५,००० असतील तर तुमची बोली १०,००० ला थांबली पाहिजे. टक्केवारी प्रत्येक लिलावगृहाची वेगळी असते आणि ती 'विक्रीच्या अटी' या पानावर दिलेली असते. बोली लावण्याआधी ते पान उघडा.

आयातीबद्दल एक बारकावा. जगभरच्या सीमाशुल्क वर्गीकरणात कलाकृतींसाठी ९७ क्रमांकाचं स्वतंत्र प्रकरण आहे. हाताने काढलेली चित्रं, मूळ मुद्राचित्रं (एचिंगसारखी छापलेली) आणि मूळ शिल्पं त्यात येतात. छापील पोस्टर त्यात येत नाही. दर देशागणिक वेगळे, पण वर्ग चुकला की दर चुकतो. म्हणून पार्सलवरच्या कागदांत 'डेकोरेटिव्ह आयटम' असं मोघम लिहू नका, 'हाताने रंगवलेलं तैलचित्र, कॅनव्हासवर' असं नेमकं लिहा, अशी विनंती पाठवणाऱ्याला आधीच करा.

वर्णनात चित्रकाराचं नाव आहे. म्हणजे चित्र त्याचंच ना?

नावाच्या आगेमागे काय लिहिलं आहे ते बघा. नुसतं पूर्ण नाव असेल तर लिलावगृहाच्या मते चित्र त्या चित्रकाराचं आहे. 'अ‍ॅट्रिब्युटेड टू' म्हणजे बहुधा त्याचं, पण खात्री नाही. 'स्टुडिओ ऑफ' म्हणजे त्याच्या चित्रशाळेत, कदाचित त्याच्या देखरेखीखाली झालेलं. 'सर्कल ऑफ' म्हणजे त्याच्या काळातल्या, त्याच्या प्रभावाखालच्या कुणाचं तरी. 'फॉलोअर ऑफ' म्हणजे त्याच्या शैलीत काम करणारा, पण शिष्य असेलच असं नाही. 'मॅनर ऑफ' म्हणजे त्याच्या धाटणीचं, बऱ्याच नंतरचं. आणि 'आफ्टर' म्हणजे त्याच्या चित्राची प्रतिकृती. प्रत्येक पायरीला किंमत खाली येते, आणि कायद्याच्या दृष्टीने लिलावगृहाने तुम्हाला तेवढंच वचन दिलेलं असतं.

सहीचंही तसंच. 'साइन्ड' असेल तर सही चित्रकाराची आहे असं ते म्हणतात. 'बेअर्स सिग्नेचर' असेल तर चित्रावर सही आहे एवढंच म्हणतात. ती कुणी केली याची हमी नाही.

शब्दांमुळे किती फरक पडतो याचं जगजाहीर उदाहरण म्हणजे 'साल्वातोर मुंदी'. २००५ मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या लिलावात हे चित्र 'आफ्टर लिओनार्डो' म्हणून आलं आणि दहा हजार डॉलरपेक्षाही कमी किमतीत गेलं. पुढे त्यावरचे जुने रंगाचे थर काढले गेले, अभ्यासकांची मतं घेतली गेली, आणि २०१७ मध्ये लिओनार्डोच्या नावावर ते ४५ कोटी डॉलरला विकलं गेलं. लिओनार्डोचा हात त्यात किती, यावर अभ्यासक आजही भांडतात. असं घबाड आपल्याला सापडेल या आशेवर मात्र खरेदी करू नका. 'आफ्टर' लिहिलेलं जवळजवळ प्रत्येक चित्र खरोखरच 'आफ्टर' असतं.

नकली चित्र फोटोवरून ओळखता येतं का?

फक्त फोटोवरून नाही, आणि ओळखता येतं असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. वोल्फगांग बेल्ट्राकी या जर्मन नक्कलकाराने कित्येक वर्षं मोठमोठ्या तज्ज्ञांना चकवलं. तो अस्सल चित्राची नक्कल करत नसे. जुन्या चित्रकारांची हरवलेली चित्रं 'सापडली' असं दाखवून नवीच चित्रं रंगवायचा. ती खरी वाटावीत म्हणून त्याच्या बायकोने आपल्या आजीच्या वेशात जुन्या धाटणीचा फोटो काढून घेतला, मागच्या भिंतीवर तीच चित्रं टांगून. तो अडकला एका पांढऱ्या रंगामुळे. १९१४ चं म्हणून विकलेल्या चित्रात टायटॅनियम व्हाइट सापडला, आणि तो रंग तेव्हा चित्रकारांना मिळतच नव्हता. चित्रांमागे चिकटवलेली संग्रहाची लेबलंही बनावट निघाली. २०११ मध्ये त्याला शिक्षा झाली.

आपल्याकडे प्रयोगशाळा नाही, पण प्रश्न विचारता येतात. चित्र आजवर कुणाकुणाकडे होतं? त्याची पावती, प्रदर्शनाची पुस्तिका, पत्र असं काही आहे का? मागच्या बाजूचा फोटो मिळेल का? मी तर मागची बाजू बघितल्याशिवाय बोलीच लावत नाही. तिथे लाकडी चौकटीचा रंग, खिळे, फ्रेमवाल्याचं लेबल, जुन्या लॉटचा खडूने लिहिलेला क्रमांक, ओल आल्याचा डाग असं बरंच काही दिसतं. शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून सांगितलेल्या कॅनव्हासला स्टेपल मारलेले असतील तर तेवढ्यावरून तो खोटा ठरत नाही, कारण कॅनव्हास पुन्हा ताणलेला असू शकतो. पण ते विचारायला हवं. 'सर्टिफिकेट ऑफ ऑथेंटिसिटी'चा कागद कुणीही छापू शकतो; तो कोणी दिला यावर त्याची किंमत. चित्र बनावट निघालं तर परत घेण्याची मुदतही अटींत बघा. काही मोठी लिलावगृहं पाच वर्षं देतात, काही ठिकाणी ती जेमतेम काही आठवडे असते.

कंडिशन रिपोर्ट, म्हणजे चित्राच्या अवस्थेचा अहवाल, मागवायलाच हवा का?

हो, प्रत्येक वेळी. तो बहुधा फुकट असतो आणि एका ईमेलवर येतो. मी तो एकदा मागवला नव्हता. पावसात भिजलेल्या रस्त्याचं छोटं एचिंग होतं, फ्रेममध्ये फोटो काढलेला, फारच सुंदर. घरी आल्यावर फ्रेम उघडली तर चित्राभोवती बोटभर रुंदीचा तपकिरी पट्टा होता. आधीच्या फ्रेमवाल्याने आम्लयुक्त पुठ्ठ्याचं माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) वापरलं होतं आणि ते वर्षानुवर्षं कागदाला जाळत होतं. खालचा समासही फ्रेममध्ये बसावं म्हणून कापला होता. लिलावगृहाला मी लिहिलं. त्यांनी नम्रपणे कळवलं की रिपोर्टमध्ये दोन्ही गोष्टी नमूद होत्या, मागितला असता तर पाठवला असता. ते एचिंग अजून माझ्याकडे आहे आणि मला आवडतं, पण त्या किमतीला मी ते घेतलं नसतं.

कागदावरचं काम असेल तर विचारा: फ्रेममधून बाहेर काढून तपासलं आहे का? समास पूर्ण आहेत का? तपकिरी ठिपके, घड्या, फाटकं, मागून चिकटवलेली टेप आहे का? रंग उडालेत का? तैलचित्र असेल तर: रंगाचे पापुद्रे सुटतायत का? मागून दुसरा कॅनव्हास चिकटवला आहे का? नंतर कुणी रंग भरलेत का? अल्ट्राव्हायोलेट दिव्याखालचा फोटो मिळाला तर फार उत्तम. जुनं वॉर्निश त्यात हिरवट चमकतं आणि नंतरची डागडुजी काळ्या डागांसारखी उठून दिसते. एका बाजूने तिरपा प्रकाश टाकून काढलेल्या फोटोत उंचवटे आणि खड्डे कळतात.

वर्णनात दोषाचा उल्लेख नाही म्हणजे दोष नाही असा अर्थ होत नाही. बहुतेक अटींमध्ये हे वाक्य शब्दशः असतं.

कमी पैशांत सुरुवात करायची तर प्रिंट घ्यावी असं सांगतात. त्यात काय बघायचं?

सल्ला चांगला आहे. आधी 'प्रिंट' या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करा. एचिंग, लिथोग्राफ, वुडकट, स्क्रीनप्रिंट यांत चित्रकाराने स्वतः पत्रा, दगड, लाकूड किंवा पडदा तयार केलेला असतो आणि त्यावरून मोजक्या प्रती काढलेल्या असतात. दुसरी प्रिंट म्हणजे तयार चित्राच्या फोटोची छपाई. 'जिक्ले' हा भारदस्त शब्द इंकजेट छपाईसाठी १९९१ मध्ये बनवलेला आहे. जिक्ले वाईट नसते, पण तिला एचिंगची किंमत देऊ नका.

दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ ठेवा. लिलावगृहाकडे एखाद्या कोपऱ्याचा जवळून काढलेला फोटो मागा. रांगेत बसवल्यासारखे रंगीत ठिपके दिसले तर ती फोटोवरून केलेली छपाई समजा. एचिंगमध्ये शाईची रेघ कागदावर किंचित उठलेली असते आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब उमटलेला असतो. पेन्सिलीने लिहिलेलं १२/७५ म्हणजे पंचाहत्तर प्रतींपैकी बारावी. कमी क्रमांकाची प्रत अधिक चांगली असं काही नाही. 'ए.पी.' म्हणजे चित्रकाराने स्वतःसाठी ठेवलेली प्रत.

सही आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. साल्वादोर दालीने उत्तरायुष्यात हजारो कोऱ्या कागदांवर सह्या करून दिल्या होत्या, आणि त्यांवर नंतर काय छापलं गेलं यावर त्याचा ताबा नव्हता. त्याच्या सहीच्या प्रिंट नवख्याने टाळाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. आणि कागद १९२० चा सांगत असतील पण अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली निळसर पांढरा लखलखत असेल, तर त्यात उजळवणारं रसायन आहे. ते कागदात सर्रास आलं साधारण १९५० नंतर.

चोरीचं चित्र तर गळ्यात पडणार नाही ना?

शक्यता कमी, पण तपासणं सोपं आहे. इंटरपोलची चोरीच्या कलाकृतींची यादी सगळ्यांसाठी खुली आहे. त्यात ५०,००० हून अधिक वस्तू आहेत आणि २०२१ पासून 'आयडी-आर्ट' हे मोफत अ‍ॅपही आहे. युरोपातलं चित्र असेल तर १९३३ ते १९४५ या काळात ते कुणाकडे होतं हे विचारा, कारण नाझींनी लुटलेल्या चित्रांवरचे दावे आजही उभे राहतात. पुरातन मूर्ती आणि शिल्पतुकड्यांपासून नवख्याने लांब राहावं. हस्तिदंतावरच्या लघुचित्रांना तर अनेक देशांच्या सीमा ओलांडताच येत नाहीत.

लिलाव रंगला की भान राहत नाही. काय करावं?

हे सगळ्यांचंच होतं. शांत डोक्याने, आदल्या दिवशी, कागदावर आकडा लिहा आणि तोच कमाल बोली म्हणून टाका. मग लिलाव चालू असताना स्क्रीनसमोर बसू नका. १९७१ मध्ये तेलकंपनीतल्या तीन इंजिनिअरांनी दाखवून दिलं की तेलक्षेत्रांच्या लिलावात ज्याचा अंदाज सगळ्यात फुगलेला तोच जिंकतो, आणि म्हणून तोट्यात जातो. चित्रांतही हे होतं. चुरशीत मिळालेलं चित्र म्हणजे त्या घटकेला इतर कुणीही तेवढे पैसे द्यायला तयार नव्हतं.

जिंकल्यावर मन बदललं तर?

बोली म्हणजे करार. पैसे भरावे लागतात, नाहीतर खातं बंद होऊ शकतं आणि वसुलीही होऊ शकते.

आवडलेला लॉट विकलाच गेला नाही. आता?

दुसऱ्याच दिवशी लिहा. बरीच लिलावगृहं लिलावानंतरही ऑफर विक्रेत्यापर्यंत पोचवतात. माझी दोन आवडती चित्रं अशीच, शांतपणे, राखीव किमतीच्या आसपास मिळाली.

चित्र सुखरूप घरी कसं येईल?

बोलीआधी वाहतुकीचा दर विचारा. अनेक लिलावगृहं स्वतः पाठवत नाहीत. कागदावरचं काम शक्यतो सपाट, दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये मागवा. काच असेल तर तीवर टेपच्या पट्ट्या लावायला सांगा, म्हणजे फुटली तरी तुकडे चित्रावर घसरत नाहीत. काच काढूनच पाठवली तर आणखी बरं. खोकं उघडण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, उघडतानाही काढा. विम्याची तक्रार बहुधा अगदी थोड्या दिवसांत करावी लागते आणि मूळ पॅकिंग पुरावा म्हणून मागतात, ते लगेच टाकून देऊ नका.

घरी आल्यावर चित्र ओल्या फडक्याने पुसू नका. जलरंग, रेखाटनं आणि प्रिंट उन्हापासून दूर लावा. संग्रहालयांत अशा कामांना साधारण ५० लक्स (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) इतकाच मंद प्रकाश देतात. माउंट आम्लमुक्त हवं, हे फ्रेमवाल्याला तोंडी सांगू नका, बिलावर लिहून घ्या.

गुंतवणूक म्हणून कसं?

पहिल्या चित्राकडे तसं बघू नका. घेताना तुम्ही प्रीमियम दिलात, विकताना लिलावगृह तुमच्याकडून कमिशन घेईल. वरच्या उदाहरणात १५,००० खर्चून आणलेलं चित्र पुन्हा १०,००० च्याच हातोड्याला गेलं आणि कमिशन १५% असलं, तर हातात ८,५०० येतात. मुद्दल सुटण्यासाठी हातोडा १७,६०० च्या पुढे जायला हवा. शिवाय काही देशांत पुनर्विक्रीच्या वेळी चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना काही टक्के द्यावे लागतात. हा हक्क पहिल्यांदा फ्रान्सने १९२० मध्ये दिला.

चित्र माझं झालं. त्याची कॅलेंडरं, कार्डं छापू शकते का?

नाही. तुम्ही वस्तू घेतली, कॉपीराइट नाही घेतला. तो चित्रकाराकडे किंवा वारसांकडेच राहतो. बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं, आणि बऱ्याच देशांत ७०. छापायचं असेल तर त्यांची लेखी परवानगी घ्या. घरी टांगायला आणि पाहुण्यांना दाखवायला कुणाची परवानगी लागत नाही.